कानबाईच्या रोटात कंपनीची मूठ

आमचं घर म्हणजे जिनिंगच्या आवारातली पत्र्याची खोली. कापसाचा हंगाम सुरू झाला की आबा गठाणी उचलायला लागायचे, माय सरकी भरायला, आणि मालक तेवढ्यापुरती खोली द्यायचा. हंगाम संपला की खोली खाली करायची. भांडी पोत्यात, पोतं ट्रॅक्टरवर, आणि आम्ही एरंडोलजवळच्या आमच्या गावी, मोठ्या मायच्या घरातल्या एका कोपऱ्यात. मोठी माय म्हणजे आबांच्या थोरल्या भावाची बायको. थोरले काका लवकर गेले, तेव्हापासून भावकीतला शेवटचा शब्द तिचा. दिवाळी झाली की पुन्हा पोतं, पुन्हा जिनिंग. कधी कधी मालक दुसरी माणसं ठेवायचा, मग त्या वर्षी दुसरं जिनिंग शोधायचं.

मायनं आयुष्यात कधी भिंतीला खिळा ठोकला नव्हता. आरसा कायम पेटीवर उभा. मी एकदा दगड घेऊन ठोकायला निघाले तर म्हणाली, "ठोका ते काढना पडस." तिला जन्मात एकच गोष्ट हवी होती. जे कोणी खाली करायला सांगणार नाही असं घर. सोनं नको, साडी नको. हे ती फार बोलायची नाही, पण जळगावला गेलं की बसच्या खिडकीतून लोकांची घरं बघायची आणि कुठल्या घराला पाण्याची टाकी आहे ते मला सांगायची.

मी त्या पत्र्याच्या खोलीत राहून बारावी केली आणि जळगावला रोज एसटीनं जाऊन फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत कॉलेज पाहिलेली पहिली मी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. ज्याला गर्व वाटायचा त्याला वाटू दे.

पदवीनंतर जळगावातच एका स्कॅन सेंटरला लागले. मेहरूणला एक खोली भाड्यानं घेतली. कामाचं सांगायचं तर, मशीन माणसाच्या आतले फोटो काढतं, पण फोटो काढून भागत नाही. ते साठवायला लागतात, मागच्या वर्षीचे शोधायला लागतात, लांबच्या शहरात बसलेल्या डॉक्टरच्या पडद्यावर जसेच्या तसे दिसायला लागतात. हे सगळं सॉफ्टवेअर करतं. माझा दिवस त्याच सॉफ्टवेअरपुढे जायचा. सुरुवातीला मला ते आवडलं नाही, कारण एक बटण चुकलं की ते तीन वेळा विचारायचं, "नक्की?" पुढे कळलं की त्याच्या या संशयी स्वभावामुळेच एकाची किडनी दुसऱ्याच्या नावावर जात नाही.

ते सॉफ्टवेअर पुण्याच्या एका लहान कंपनीचं. तिचा माणूस दुरुस्तीला आला तेव्हा चहा पिताना म्हणाला, "आता आम्ही फौजेच्या दवाखान्यांना पण हेच देतो. पेपरात आलंय." मी शोधलं. खरंच आलं होतं. कंपनी शेअर बाजारात होती, भावही फार नव्हता. मी तिचा वार्षिक अहवाल डाउनलोड केला आणि रविवारभर डिक्शनरी घेऊन वाचला. माझा हिशेब सरळ होता. दवाखाना बंद पडेल, फौज बंद पडणार नाही. जवानांचे हातपाय मोडायचे ते मोडणारच. आणि एकदा सगळे फोटो एका कपाटात लावले की कपाट बदलायच्या भानगडीत कोणी पडत नाही. वाईटही दिसलं होतं. सरकारी बिलं उशिरा निघतात, आणि ठेका ठरावीक वर्षांनी पुन्हा मिळवावा लागतो.

त्याच सुमारास आमच्या कोरडवाहू शेताची रस्त्याकडची पट्टी हायवेच्या रुंदीकरणात गेली आणि तिचे पैसे आले. तेवढ्यात जळगावात घर येत नव्हतं. आबांच्या मनात बैलजोडी होती. मी म्हणाले, तीन वर्षं या कंपनीत ठेवू, वाढले की मायला घर घेऊ. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. पण आमच्यात पैसा एकट्याचा नसतो. विषय भावकीत न्यावा लागतो आणि भावकी हिवाळ्यात भरीत पार्टीला बसते.

शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, ठेचून झाली, कळण्याच्या भाकरी आल्या. मी उभी राहून कंपनी समजावली.

"कंपनी कोठे शे?" आबांनी विचारलं.

"पुण्याला."

"काय बनाडस?"

"सॉफ्टवेअर."

"ते हातमा धरता येस का?"

"नाही. पडद्यावर दिसतं."

"मंग कंपनी बुडनी ते आपला हातमा काय उरी?"

"काहीच नाही," मी खरं ते सांगितलं.

मोठी माय म्हणाली, "पोरगी कॉलेजमा हाईच शिकनी का?"

आबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "देखाबिगर बैल लेतस का कोणी? दात देखना, चालाडी देखना. मंग पैसा."

बैलाचे दात बघायचे तर फौजेच्या दवाखान्यात आत जायला हवं. तिथं आम्हाला कोण घेणार? पण आमच्याकडे नाना होते. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचा या सगळ्यावर विश्वासच नव्हता. "फौजमा एक्सरे म्हणजे काळा कागद," ते म्हणाले. "मी सोता काखोटीले मारीसन तीन राज्य फिरनू. कम्पुटर कशाले?" शेवटी असं ठरलं की नानांनी धुळ्याला जायचं. तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड त्यांच्याकडे होतं. उजवा गुडघा दुखतो म्हणून सांगायचं, एक्सरे काढून घ्यायचा आणि फोटो कुठं जातो ते बघायचं. गुडघा दुखत नव्हता. नाना रोज सकाळी पद्मालयाच्या रस्त्यानं चालून यायचे.

आम्ही चौघं गेलो. नाना, आबा, मोठी माय आणि मी. नाना पारोळ्यापासूनच लंगडायला लागले, म्हणजे चहाला उतरले तेव्हापासून. मी म्हटलं, "नाना, इथं कोण बघतंय?" तर म्हणाले, "सराव लागस."

दवाखान्याच्या गेटवर वॉचमन होता. एका गुडघ्यामागे चार माणसं बघून त्यानं काठी आडवी धरली.

"पेशंट कोण?"

"मी," नाना म्हणाले.

"मग हे बाकीचे कशाला?"

काही केल्या कोणाच्या तोंडून 'शेअर' हा शब्द बाहेर पडेना. फौजेचं ठिकाण, बाहेरची माणसं, आणि सॉफ्टवेअरची चौकशी. मला तर आम्ही चौघं तुरुंगात बसलेलो दिसायला लागलो. आमच्याकडे माणसांचा घोळका चौकशा करत फिरत असेल तर त्याचं इज्जतदार कारण एकच असतं. नानांनी तेच सांगून टाकलं.

"स्थळ देखाले उनूत."

वॉचमनची काठी खाली आली. चेहराच बदलला. "कोणाचं?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि मुलगा?"

"एक्सरेवाला," नाना म्हणाले. तेवढं एकच खातं त्यांना आठवलं.

आत गेलो तोवर बातमी आमच्या पुढे गेली होती. एक्सरेवाला बाहेर आला तो शर्ट आत खोचत. चांगला तिशीचा माणूस. बिचाऱ्यानं हात जोडले आणि मोठ्या मायला हळूच म्हणाला, "मावशी, काहीतरी गैरसमज झालाय. माझं लग्न झालंय. दोन पोरं आहेत."

"काही हरकत नई," मोठी माय म्हणाली. "तू मशीन दखाड."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण त्यानं दाखवलं. नानांचा एक्सरे झाला, आणि खरोखरच काळा कागद निघाला नाही. गुडघा पडद्यावर आला. कोपऱ्यात आमच्या कंपनीचं नाव. आमच्या म्हणजे तोवर आमची नव्हती, पण नाव पाहिल्यावर माझ्या तोंडून "आपली" असंच निघालं. आबा पडद्यामागे जाऊन तारा बघून आले. डॉक्टर आले, फोटो मोठा केला, इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, हा गुडघा तर तरण्या पोराचा आहे. काही झालेलं नाही."

नाना उठून ताडताड चालत बाहेर आले. लंगडायचं विसरले. गेटबाहेर येऊन आबांना म्हणाले, "मन्हं खोटं पकडी लिधं. कंपनी खरी शे. टाक पैसा."

मी म्हटलं, "नाना, खोटं डॉक्टरांनी पकडलं, सॉफ्टवेअरनं नाही. ते नुसतं फोटो दाखवतं."

"डॉक्टर काय देखी राहिंता?"

"फोटो."

"मंग!"

शेअर बाजारात लोक काय काय बघून पैसे टाकतात ते मी नंतर पुष्कळ वाचलं. त्यापुढे नानांचा गुडघा मला आजही फार वाईट कसोटी वाटत नाही. मी डीमॅट खातं उघडलं आणि शेअर घेतले.

पुढच्या श्रावणात कानबाई आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणातल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करतात, त्यासाठी गहू मोजून घेतात. आमच्या घरची रीत अशी की भावकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू. ते गहू धुवून पुसून ठेवलेल्या चक्कीवर दळायचे. रोट भावकीनंच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. मूठ कोणाच्या नावानं पडते यावरून आमच्याकडे खून पडायचे बाकी राहिलेत.

मोठी माय सुपापुढे बसली आणि नावं घेत मुठी टाकायला लागली. आबांची टाकली, नानांची टाकली, चुलतभावांच्या टाकल्या, मागच्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची टाकली. मग थांबली आणि अजून एक मूठ टाकली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"कंपनीनी."

"मोठी माय, कंपनी माणूस नाही."

"शेत आपलं व्हतं का?"

"होतं."

"शेत कोठे गयं?"

"कंपनीत."

"मंग तिनं आपलं खादेल शे. आपलं खादं तो भाऊबंद."

यावर फिजिक्समध्ये उत्तर नाही. रोट झाले, सगळ्यांनी खाल्ले. कंपनीच्या वाटचा रोट नानांनी खाल्ला, फौजेचं खातं त्यांच्याकडे म्हणून.

त्या दिवसापासून कंपनी घरातली झाली. भाव उतरला की मोठी माय माझ्या मोबाइलवरून मीठमोहऱ्या ओवाळायची. तिमाहीचा निकाल चांगला आला की नाना पारावर शेव वाटायचे आणि कंपनीची तब्येत सांगायचे. नंतर कंपनीनं एकास एक बोनस शेअर दिला. मी समजावलं की शेअर दुप्पट झाले, भाव अर्धा झाला, आपण होतो तिथंच आहोत. मोठी माय शांतपणे म्हणाली, "म्हणजे जुळं." त्या श्रावणात कंपनीच्या दोन मुठी पडल्या. आबा म्हणाले, खर्च वाढला.

भाव मात्र खरोखर चढत होता. अजून काही फौजी दवाखाने जोडले गेले. मी रोज सेंटरवर तेच सॉफ्टवेअर वापरायची आणि दुपारच्या सुट्टीत त्याचा भाव बघायची. आणि तिसऱ्या वर्षी, पावसाळा लागता लागता, मेहरूणच्या बाजूला दोन खोल्यांचं एक घर विकायला निघालं. मालकाचा मुलगा नाशिकला नेत होता त्याला. मायला आणून दाखवलं. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, पाणी पाहिलं, नळ बंद केला. पुन्हा सोडला. मालक म्हणाला, "पोळ्यापर्यंत बयाणा द्या. तेवढं थांबतो, पुढे नाही."

मी गावी जाऊन सांगितलं की शेअर विकायचे. भावकी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी कोणाला विष घालायला निघाले होते.

"भाऊबंद ईकतस का कोणी?" मोठी माय म्हणाली. "कानबाईले मूठ दियेल शे. एकदा नई, दोनदा."

नानांचं दुखणं वेगळंच होतं. "आपण पैसा काढी लिधा," ते म्हणाले, "आन तिकडे सीमेवर जवानना हात मोडना, ते त्याना फोटो कोठे जाई?"

"नाना, आपण विकले तरी कंपनी चालूच राहते. आपले शेअर दुसरा कोणी घेतो."

"कोण?"

"ते कळत नाही."

"म्हणजे फौजना फोटो अनोळखी माणूसले दी टाकस तू?"

मी दोन दिवस समजावलं. शेअर म्हणजे काय, मालकी म्हणजे काय, फोटो आणि भाव यांचा संबंध नाही. आबा म्हणाले, मला पटतंय पण मोठीच्या शब्दाबाहेर कसं जायचं. इकडे पेपरात आलं की फौजेच्या ठेक्याचं नूतनीकरण लांबणीवर पडलंय. भाव घसरायला लागला. वार्षिक अहवालात मला जी भीती दिसली होती तीच समोर आली. पोळा जवळ येत होता आणि घराचा मालक फोन करत होता.

शेवटी माझा तोल गेला. कानबाईच्या गव्हासाठी मोठ्या मायनं सूप काढलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कंपनी आणली मी, अहवाल वाचला मी, पगारातून हप्त्यानं आणखी शेअर घेतले मी. तिच्या दोन मुठी, आणि माझी एक नाही. मी या घरात जन्मले, ती पुण्यात."

नाना छताकडे बघायला लागले. मोठी माय म्हणाली, "पोरीसनी मूठ नई ऱ्हात. रीत शे." पण आवाज नेहमीचा नव्हता.

आणि मग माय बोलली. भावकीच्या बैठकीत ती बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. कोपऱ्यातूनच म्हणाली, "जिनी चूल नई, तिनी मूठ कशी? कंपनीनी चूल आपला घरमा कोठे शे? मले दखाडा."

मोठी माय विचारात पडली. चूल ही तिच्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. भाऊ वेगळे निघतात तेव्हा आधी चूल वेगळी होते, मग ज्याच्या त्याच्या मुठी ज्याच्या त्याच्या घरी. तिनं बराच वेळ सूप नुसतं हलवलं. मग निकाल दिला.

"तिले वेगळी निघू द्या. पन रिकामा हाते नई."

म्हणजे कंपनीची रीतसर वाटणी झाली. तिच्या दोन मुठी गहू, एक नारळ आणि एक पितळी वाटी लाल फडक्यात बांधली. वेगळ्या निघणाऱ्या भावाला भांडं द्यायचं असतं. आता हे पोचवायचं कुठे? पुण्याचा पत्ता मी दिला, पण मोठी माय म्हणाली, जिथं आपण तिला पहिल्यांदा पाहिलं तिथं. नाना आणि मी सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेलो.

वॉचमननं ओळखलं. "काय, जमलं नाही का?"

"वेगळी निंघी राहिनी," नाना म्हणाले. त्यानं दुःखी चेहरा करून आत सोडलं.

एक्सरेवाला आम्हाला बघून आधी दचकला. नानांनी फडकं त्याच्या टेबलावर ठेवलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्याची गरज पडली नाही. त्यानं गाठ सोडली, गहू बघितले, नारळ बघितला, वाटी बघितली.

"वाटणी व्हयनी का?" त्यानं विचारलं. तो शिंदखेड्याकडचा निघाला.

"व्हयनी," नाना म्हणाले.

"कोण वेगळं निंघनं?"

नानांनी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अजिबात हसला नाही. म्हणाला, "दुसऱ्या भावकीचे गहू मला चालत नाहीत. पाखरांना टाकतो. वाटी इथं ठेवतो, मशीनपाशी."

नाना तरी उठेनात. "एक काम कर. तीन वर्ष पहिले मन्हा गुडघाना फोटो काढेल व्हता. दखाड."

त्यानं नानांचा कार्ड नंबर टाकला. पडदा क्षणभर थांबला आणि गुडघा आला. तोच. तरण्या पोराचा. नाना पुढे वाकून बघत राहिले.

"आमू कंपनी सोडी देस," ते म्हणाले. "उद्या हाऊ फोटो ऱ्हाई का?"

"राहील."

"बठ्ठासना?"

"बठ्ठासना ऱ्हाई, नाना. सगळ्यांचा. तुम्ही कोणीही घ्या, कोणीही विका."

नानांनी टाचा जुळवून पडद्याला सलाम केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ईक, पोरी."

मी तिथंच एक्सरेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून शेअर विकले. भाव वरच्या टोकावरून बराच खाली आलेला होता. दोन आठवडे आधी विकले असते तर बँकेचं कर्ज लागलं नसतं. आता थोडं लागलं, ते माझ्या पगारातून जातं. ठेका पुढे कंपनीलाच मिळाला आणि भाव पुन्हा चढला, नाना ते अजून मला पारावरून फोन करून सांगतात. मी ऐकून घेते.

कानबाईला माझी मूठ अजूनही पडत नाही. मोठी माय नावं घेत माझ्या नावापर्यंत येते, थांबते, आणि पुढे जाते. पूर्वी थांबत नव्हती.

बयाणा पोळ्याच्या आधी दिला. घर मेहरूणच्या बाजूला आहे, दोन खोल्या आणि आत नळ. खरेदीखत मायच्या नावानं केलं. तिला सही येत नव्हती, ती महिनाभर शिकली आणि निबंधकाच्या कार्यालयात तिनं अंगठा न लावता सही केली. आमच्या भावकीत बाईच्या नावावर झालेलं हे पहिलं घर आहे.